कात्री सरांनी कापलेले पाच मार्क

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, कॅल्क्युलेटर जवळ ओढला आणि समोर बसलेल्या पोरीला म्हणाल्या, "हे बघ बाळा, त्या कॉलेजला आपले मार्क कळत नाहीत. त्यांना जीपीए कळतो. ऐंशीपासून वर ए, म्हणजे चार. सत्तरपासून बी, म्हणजे तीन. साठपासून सी, म्हणजे दोन. सगळ्याची सरासरी काढली की झालं. सोपं आहे."

सोपं कसलं डोंबलाचं! चार विषयांत ए, भाषेत बी आणि गणितात सी. त्यात गणिताचे तास दुप्पट, म्हणून त्याचं वजनही दुप्पट. बाईंनी दोनदा बेरीज केली, सातांनी भागलं. तीन पॉइंट दोन नऊ. कॉलेजला साडेतीन हवा होता, त्याच्या खालचा अर्ज ते उघडूनही बघत नव्हते.

"गणितात किती होते गं?"

"एकोणसत्तर."

"अगं बाई, एका मार्काने? बी असता तर साडेतीनच्या वर गेली असतीस की!" बाई हळहळल्या. मग त्यांना आठवलं की गणित शिकवतं कोण, आणि त्या एकदम कागद लावायला लागल्या.

गणित शिकवायचे तिचे वडील. अख्खी शाळा त्यांना कात्री सर म्हणायची. पैकीच्या पैकी देवाला, नव्वद मला, उरलेले तुम्हाला, असं ते वर्गात सांगायचे आणि तसंच वागायचे. लेक त्यांच्याच वर्गात आली तेव्हा त्यांना भलताच घोर लागला. लोक काय म्हणतील? म्हणून लेकी बोले सुने लागे या न्यायाने वर्षभर सगळ्यात जास्त बोलणी तिनेच खाल्ली. निकालाच्या दिवशी तर जेवताना त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "चौऱ्याहत्तर होत होते. पाच कापले. कुणी बोट दाखवायला नको." स्टाफरूममध्येही हेच सांगून आले होते. तिथे म्हणे सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्याकडून गणितं समजून घेणारी शेजारच्या बाकावरची मैत्रीण मात्र बहात्तरवर होती.

आणि पोरीला शिकायचं काय होतं? पुलांचं बांधकाम! लहानपणी नदीवर फिरायला नेलं तर सगळे पाणी बघायचे आणि ही मान वाकडी करून पुलाच्या पोटाकडे बघत राहायची. ते शिकवणारं परवडण्याजोगं कॉलेज एकच होतं.

संध्याकाळी बाबा चपला काढत होते तेवढ्यात तिने विषय काढला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

"बाबा, माझे पाच मार्क परत द्या. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती करता येते, बाई म्हणाल्या."

"म्हणजे मी खोटं लिहून देऊ?"

"खोटं नको. होते तेवढे द्या."

"झालेला निकाल बदलायचा? स्वतःच्या मुलीसाठी? तोंड कुठे दाखवू मी?"

आई दुकानातून नुकतीच आली होती. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे, पण जीभ थकली नव्हती. "अहो, परक्याच्या पोरीला चौऱ्याहत्तर दिलेच असतेत ना? मग घरच्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?"

बाबांनी काढलेल्या चपला भिंतीशी सरळ लावल्या. मग म्हणाले, "पेपर घरी आणतो. हिच्यासमोर पुन्हा तपासतो. जेवढे होतील तेवढे लिहून देतो."

पोरीचा जीव भांड्यात पडला. चौऱ्याहत्तर तर त्यांनीच मोजले होते, आता उरलं काय? दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने टेबल पुसलं, चहा केला, लाल पेन शोधून ठेवलं.

पहिली दोन पानं भराभर गेली, बरोबरच्या खुणा बघून तिला हसू आवरेना. तिसऱ्या पानावर पेन थांबलं.

"उत्तरापुढे सेंटिमीटर लिहिलं नाहीस."

एक गेला. पुढच्या पानावर आकृतीची रेघ हाताने काढलेली निघाली. आणखी एक गेला.

"ही पायरी गाळलीस."

"ती गाळायला तुम्हीच शिकवलंत ना वर्गात?"

"फळ्यावर चालते. परीक्षेत नाही."

मग त्यांना शोधायची लयच सापडली. कुठे खाडाखोड, कुठे 'म्हणून' लिहायचं राहिलेलं. गेल्या वेळी याच पानांवर त्यांना यातली एकही चूक दिसली नव्हती. मार्क आधी कापले होते, कारणं आज गोळा होत होती. ती टेबलाची कड धरून बघत राहिली. त्यांच्याशी भांडायचं तिच्या मनातही आलं नाही, इतकं तिला आतून वाईट वाटत होतं.

शेवटी त्यांनी बेरीज केली, पडताळली आणि खुर्चीत मागे रेलले. कालपासून ताठलेले खांदे सैल झाले होते.

"एकोणसत्तर," ते म्हणाले. "बघ, बरोब्बर एकोणसत्तरच होतात. माझं चुकलं नव्हतं!" चेहऱ्यावर असा आनंद, की तिचा ए बघूनही कधी झाला नव्हता.

आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. "वा! सुंभ जळला तरी पीळ काही जायचा नाही," ती म्हणाली आणि नळ सोडला.

पोरीने चहाचा रिकामा कप उचलला. जाता जाता थांबली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"मी कधी खोटं बोललोय का?"

"आत्ता सत्तर झाले असते, तर तुम्हाला बरं वाटलं असतं की वाईट?"

कात्री सर जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.