मंगळवारपर्यंत जगायचं काम

मैत्रेयीला आमच्याकडे दारव्ह्याला येऊन बावीस दिवस झाले होते, आणि बावीस दिवसांत तिनं एकाही माणसाला हात लावला नव्हता. जेवायची चमच्यानं. रस्ता ओलांडताना माझा हात नाही, माझ्या पिशवीचा बंद धरायची. चुकून कुणाचा धक्का लागलाच तर न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची आणि ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखी ते वर धरून बाहेर यायची. वय वर्षं सात.

ती माझ्या धाकट्या भावाची, धम्मदीपची मुलगी. धम्मदीप फुलसावंगीला दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं फवारणी करायचा. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतरा साली, कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. औषध वर उडवायचं आणि तेच अंगावर घेत पुढं सरकायचं, असा प्रकार. रविवारी संध्याकाळी तो शेतातून आला, मंगळवारी संध्याकाळी गेला. नंतर कुठल्याशा कागदात लिहून आलं की पुरेशी काळजी घेतली गेली नाही. कुणी, ते लिहिलेलं नव्हतं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कर्ता नसलेली वाक्यं मला लगेच दिसतात. त्याचा फायदा काहीच नसतो.

तिची आई सत्यभामा भरपाईसाठी त्याच कागदांमागं फिरत होती, म्हणून पोर आमच्याकडे.

बाविसाव्या दिवशी, रविवारी, मैत्रेयी मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पडद्यावर दोन गोरे हात काहीतरी लिबलिबीत ताणत होते.

"मोठेबाबा, हे मले पायजे. स्लाईम."

माझी बायको नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "करा बाप्पा! लेकरू कशाले तरी हात लावतो म्हनून राह्यलं. मांगून मांगून शेंबूड मांगला, तरी द्या."

मी बाजारातून सुताराचा पांढरा डिंक आणला, टाकणखार आणला. रंगासाठी नीळ घेतली. आमच्या घरात निळ्या रंगाचा तुटवडा कधीच नसतो. परातीत डिंक ओतला आणि टाकणखाराचं पाणी घ्यायला चमचा उचलला, तोच मैत्रेयी म्हणाली, "थांबा. पंखा बंद करा."

"काहून?"

"वारा कुठून हाय ते पाहा लागते ना."

मी पंखा बंद केला. तिनं खिडकीचा पडदा किती हलतो ते पाहिलं आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. मलाही तसंच उभं केलं. चमचा नको म्हणाली. बाटलीचं झाकण काढून त्यानं मापलं, दोन झाकणं, एक थेंब इकडे नाही की तिकडे. मग काडी घेतली, तोंड एका बाजूला वळवलं, श्वास धरला आणि ढवळायला लागली. धम्मदीप खांदा जरा उचलून ढवळायचा. हिचाही खांदा उचललेला होता.

नंदा दारात येऊन उभी राहिली होती, ती आत गेली. परातीत निळं गोळा होत होतं आणि मला औषधाचा वास येत होता. डिंकाला तसला वास नसतो. मी दोनदा वाकून हुंगलं.

"कोनं शिकवलं तुले हे?"

"कोनं नाही. बाबा करे तं मी दुरून पाहो."

दोन झाकणांनी भागणार नव्हतं. मोबाईलवरच्या बाईचं स्लाईम हाताला चिकटत नव्हतं. आमचं परातीसकट उचलून आलं. मैत्रेयीनं दोन्ही हात आत घातले आणि क्षणभर, मी शपथेवर सांगतो, ती हसली. मग हात बाहेर काढले. ते कोपरापर्यंत निळे होते आणि बोटं एकमेकांना चिकटली होती.

तिनं झटकलं. एक लोंबता गोळा भिंतीवरच्या कॅलेंडरला, एक सोफ्याला, एक माझ्या केसांत. ती न्हाणीकडे पळाली. साबणानं ते आणखीच ताणलं गेलं. तिचं रडणं मोठं नव्हतं. घशातून नुसता हवेचा आवाज येत होता.

"निघून नाही राह्यलं! मोठेबाबा, निघून नाही राह्यलं!"

मी तिचे हात धरायला गेलो तशी ती भिंतीला चिकटली. "लावू नका! तुमीही मरान!"

"मी कायले मरू?"

मग तिनं सांगितलं. बाबा फवारून आला की आंघोळ होईपर्यंत त्याला शिवायचं नाही, असा घरचा नियम होता. कपडे वेगळे, बादली वेगळी. त्या रविवारी बाबाला दिसत नव्हतं. तो अंगणात चाचपडत होता आणि आई पाण्याला गेली होती. म्हणून तिनं त्याचा हात धरून त्याला घरात आणलं.

"मी धरला हात. आंघोळीच्या आंधी."

माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. औषध नाकातोंडातून आणि कातडीतून जातं, बाळा. तू धरायच्या आधीच ते त्याच्या अंगात होतं. सगळं खरं होतं, आणि ती ते ऐकत नव्हती. माझ्या हाताकडे पाहत होती.

मी हात पुढे केला आणि तिचा धरला. तळव्याला तळवा. नीळ आणि डिंक, दोघांचा मिळून एक गोळा झाला. तिनं ओढून पाहिला. सुटला नाही.

"आता?" मी म्हणालो.

"दोन दिस लागते," ती म्हणाली. "मंगळवारी समजंन."

नंदानं लिंबू पिळलेलं कोमट पाणी आणलं आणि आमचे हात एकेक बोट करून सोडवले. केसांतलं कात्रीनं काढावं लागलं. सोफ्याचं अजून आहे.

दोन दिवस जिवंत राहणं हे मला नेमून दिलेलं काम होतं. मी आजवर जिवंत राहण्याकडे लक्ष दिलं नव्हतं. सोमवारी सकाळी घसा धरला होता. मी मोरीचा नळ पूर्ण सोडून त्या आवाजात खोकलो. मैत्रेयी दर तासाला समोर येऊन बोटं उभी करायची.

"किती?"

"तीन."

"आता?"

"चार. डोळे चांगले हायेत माये."

"बाबाही तसंच म्हने."

दुपारी वर्गात फळ्यावरची अक्षरं मला दोन-दोन दिसायला लागली. हातातला खडू निळा वाटला. मी टेबल धरून उभा राहिलो. त्या अर्ध्या मिनिटात माझी पक्की खात्री पटली की ते औषध तिच्या हातात होतं, आणि आता माझ्यात आहे. मग अक्षरं जागेवर आली. चष्मा पुसला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो, कुणालाही स्पष्ट दिसेल असा. दिवस बुडाला. मैत्रेयी माझ्यासमोर उभी राहून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहून गेली. तिनं माझ्या मनगटाला एक बोट लावलं. गरम असावं. तिनं बोट काढून घेतलं आणि धुवायला गेली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. नंदा भाकरी थापत होती. मैत्रेयीनं तिचा पिठाचा हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी नंदा हलली नाही.

"आता तुमी, मोठीआई," मैत्रेयी म्हणाली. "गुरुवारपर्यंत."

"बरं," नंदा म्हणाली. "आन् मंग?"

"मंग आईले बोलवा."