मास्तरांचा टोमॅटो

धाकट्या लेकीनं त्या टोमॅटोसाठी काही म्हणून करायचं बाकी ठेवलं नव्हतं. उन्हामागे कुंड्या गॅलरीभर सरकवल्या, राख घातली, फुलं आल्यावर खत आवरतं घेतलं, पराग झडून फळ धरावं म्हणून रोज सकाळी फुलाफुलाला टिचक्या मारल्या. शेजारीण म्हणाली, "अगं, झाडाला गुदगुल्या काय करतेस?" पण फळ धरेल तर शपथ.

ही उठाठेव हौसेची नव्हती. तिचे बाबा, चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेले टेलर मास्तर, आता डोक्यानं पार उसवले होते. लेकीचं नाव विसरले, मग जेवणही सोडलं. घास पुढे केला की एकच टुमणं, "आपल्या झाडाचा टोमॅटो दे, मग जेवतो." बाजारातला ते थुंकून टाकत. एकदा तिनं विकतचा टोमॅटो दोऱ्यानं फांदीला बांधला, तर मास्तरांनी टोमॅटो सोडून गाठच पाहिली. "ही कच्ची गाठ कुणी मारली?" आता काय बोलणार, कपाळ! वजन उतरतच होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

फुलं गळतात असंच ती धरून चालली होती. मग एका दुपारी ती कामावरून लवकर आली, तर मास्तर गॅलरीत स्टुलावर बसलेले, हातात धागे कापायची छोटी कात्री. एकेक पिवळं फूल देठाशी कापत होते आणि पुटपुटत होते, "किती धागे सोडलेत. गिऱ्हाईक काय म्हणेल?" इतका शांत चेहरा तिनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

हसावं की डोकं आपटावं? तिनं कात्री कपाटात कुलूपबंद केली, गॅलरीच्या दाराला कडी घातली. तीन आठवड्यांत एक फळ धरलं, हिरवं, बोराएवढं. पण तेवढ्या दिवसांत मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराशी उभं राहून कडी चाचपायचे, "माझं काम पडलंय" म्हणून लहान मुलासारखे रडायचे. दूधसुद्धा घेईनात. फळ पिकायला अजून महिना तरी हवा होता. मास्तरांकडे तेवढे दिवस नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

शेवटी तिनंच कडी काढली, स्टूल मांडलं आणि कात्री त्यांच्या हातात दिली. "बसा मास्तर. संध्याकाळी माल द्यायचाय."

मास्तर पाठ ताठ करून बसले. कात्री त्या एकुलत्या फळापाशी पोचली, तेव्हा मध्ये हात घालावा असं तिला फार वाटलं. तिनं घातला नाही. मास्तरांनी ते तुटलेलं हिरवं फळ बोटांत फिरवून पाहिलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"बटण निघालंय. पक्कं लावून ठेव."

"लावते, बाबा," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. मास्तर पुढच्या फांदीकडे वळले होते.