तीन नंबरची जागा

भिंत येणार होती ती नेमकी सासूबाईंच्या पायवाटेवर.

डब्यांचा कारखाना वाढणार होता, त्याला कुंपणभिंत लागणार होती, आणि कारखान्याच्या नकाशात ती वाट नव्हतीच. वस्तीतून वाळवणाच्या खडकांवर उतरणारी ही वाट सासूबाईंनी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चाळीस वर्षं तुडवली होती. ती बंद झाली तर रस्त्याने वळसा, जाऊन येऊन दोन तास. आणि गुडघ्यांनी आधीच संप पुकारलेला.

"वळसाच घालायचा तर टोपली आजच उलटी टांगते," त्या म्हणाल्या, आणि चक्क गप्प झाल्या. सासूबाई गप्प म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटे.

त्याआधी त्यांनी भिंतीच्या मुकादमाला गाठून पाहिलं होतं. माणूस भला होता. नकाशा उभा-आडवा करून म्हणाला, "मावशी, तुमची वाट यात नाही हो. जे कागदावर नाही ते मला दिसत नाही."

"आणि मी दिसते का?"

"दिसता. ऐकूही येता."

सून रंगारीण. मूळ काम होड्यांवर नाव-नंबर रंगवायचं. अलीकडे मात्र धंद्याला दोन तोंडं फुटली होती. कारखान्यासाठी लाल अक्षरांत 'धोका', पर्यटन कचेरीसाठी निळ्या अक्षरांत 'स्वागत'. ब्रश एकच, मध्ये टर्पेंटाइनची एक बुडी. सकाळी लोकांना हाकलायचं, दुपारी त्यांनाच बोलवायचं.

दुपार म्हणजे तरी किती? लेक चिमी झोपे पाऊण तास, आणि त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपलीय ना, हे तिच्या पापण्यांकडे बघत बसण्यात जात. त्या दिवशीही रंगारीण बघत बसली. मग तिला कोपऱ्यात उरलेली फळी दिसली, डब्याच्या तळाशी उरलेला कचेरीचा निळा दिसला, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सासूबाई दिसल्या.

तिने फळीवर लिहिलं, 'समुद्रदर्शन स्थळ'. खाली बाण काढला. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण हाताला सवय वाईट. बिननंबराची होडी पाण्यात घालत नाहीत. नंबर टाकल्याशिवाय तिला ब्रश खाली ठेववेना. एकाच्या आकड्याचा पुठ्ठ्याचा साचा चिमीने नव्या दातांनी कुरतडून ठेवलेला. दोनाचा सासूबाईंनी चुलीला वारा घालायला पळवलेला. हाताशी उरला तीन. तिने तीन टाकला, आणि चिमी कूस बदलायच्या आत फळी वाटेच्या तोंडाशी ठोकून आली.

दुसऱ्या दिवशी मुकादम मापाची फीत घेऊन आला आणि फळीसमोर थबकला. "याला पर्यटनवाल्यांचा नंबर पडलाय," तो माणसांना म्हणाला. "फावडी खाली ठेवा. आधी कचेरीला पत्र."

पत्राला उत्तर येईपर्यंत पर्यटक आले. दोन धुराड्यांच्या मधून दिसणारा समुद्र त्यांनी भक्तिभावाने पाहिला, वाळत्या मासळीसह फोटो काढले. एका बाईने सासूबाईंना थांबवलं.

"आजी, एक आणि दोन नंबर कुठे आहेत?"

सासूबाईंनी डोळ्याची पापणीही लववली नाही. "ते बघून मग लोक इथे येतात. तुम्ही उलट्या आलात."

गप्प राहण्याचं व्रत तिथेच मोडलं.

पाचव्या दिवशी पर्यटन कचेरीचे साहेब फाइल घेऊन हजर. रंगारीण चिमीला कडेवर घेऊन बघ्यांत उभी, निळी बोटं पोरीच्या झबल्याखाली लपवलेली. साहेबांनी फळी पाहिली. अक्षर कचेरीचं, रंग कचेरीचा, फाइलमध्ये मात्र पत्ता नाही. आता 'ही कुणी लावली?' म्हणून विचारावं, तर कचेरीला आपलीच जागा ठाऊक नाही असं चारचौघांत व्हायचं.

मुकादम अगदी साळसूदपणे म्हणाला, "साहेब, तीन नंबर आपलाच ना?"

"म्हणजे काय! आमचाच."

"मग भिंत?"

"इथून कशी घालता? वाट सोडून मागे घ्या. लेखी कळवतो."

मुकादमाने कानावरची पेन्सिल काढली, नकाशावर सासूबाईंची वाट ओढली आणि त्यांना दाखवली. "आता दिसली, मावशी." जाता जाता रंगारणीच्या कानाशी पुटपुटला, "पोरी, हात धू आधी."

संध्याकाळी साहेब एकटेच दारात. आवाज एकदम मऊ.

"ते... एक आणि दोन नंबरचे फलक. जुने झाले असतील. नवे रंगवून द्या."

"लावायचे कुठे, साहेब?" रंगारणीने विचारलं.

"जिथे होते तिथेच!"

"मला आहे ना ठाऊक," सासूबाई आतून आल्या. "एक होता चढाच्या मध्यावर, जिथे दम लागतो तिथे. दोन होता सपाट खडकापाशी. दोन्हीकडे बाक होते. टोपली टेकेल एवढे रुंद."

साहेबांनी लिहून घेतलं. "पाठ असलेले की बिनपाठीचे?"

"पाठ असलेले. वय झालंय माझं."

साहेब गेले. सासू-सून एकमेकींकडे न बघता कामाला लागल्या, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं. रंगारीण एकाचा साचा घ्यायला गेली, तर तो चिमीच्या तोंडात. काढून घेताच चिमीने असं भोकाड पसरलं की तिने तो मुकाट्याने परत दिला आणि एकाचा आकडा हातानेच काढला. मांडीवर पोर चुळबुळत होती, तेव्हा तो जरा कलंडला.

"पुसते, आई."

"असू दे वाकडा," सासूबाई टोपली झटकत म्हणाल्या. "जुना आहे ना तो!"