कल्पिताच्या अंबाड्यातला टेस्टर

मी एक जुना टेस्टर आहे. वीतभर लांब, पुढे पोलादी टोक, मागे पिवळसर पारदर्शक मूठ आणि मुठीत हरभऱ्याएवढा दिवा. माझं टोक विजेच्या तारेला लावायचं आणि मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. तारेत वीज असेल तर दिवा तांबूस पेटतो, नसेल तर पेटत नाही. मला जन्मभर एवढं एकच काम येतं, आणि मित्रांनो, मला त्याचं काडीचंही दुःख नाही. दहा कामं जाणणारी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली निम्मी दर आठवड्याला स्वतःच आजारी पडतात.

माझा जन्म शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने दिवा आणि स्प्रिंग माझ्या पोटात सरकवली आणि टोपी फिरवून घट्ट केली. तीच टोपी उलटी फिरवली की मी पुन्हा मोकळा होतो. माझ्या पोटात काय आहे ते बाहेरूनच दिसतं, आणि उघडून पाहायचं असेल तर कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हा मला यात विशेष असं काही वाटलं नव्हतं. सगळ्याच वस्तू अशा असतात, असा माझा समज होता.

अलिबागच्या बाजारातून दयारामने मला विकत घेतलं. दयाराम मांडव्याजवळच्या आगरी पाड्यातला वायरमन. त्याच्या सदऱ्याच्या खिशात माझं घर होतं. आम्ही किती घरांत पहिला पंखा लावला असेल, याचा हिशेब ना त्याने ठेवला ना मी. पंखा फिरू लागला की म्हातारी माणसं त्याच्या खाली बसून उगाचच हसायची. पोरं मला हातात घ्यायला धडपडायची आणि दयाराम माझी मूठ त्यांच्या नाकासमोर नाचवून पुन्हा खिशात टाकायचा. माझी स्तुती फार झाली असं नाही, पण "दयाराम, तुजा टेस्टर काय बोलतंय?" असं लोक विचारायचे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून माणसं उघड्या तारेला हात लावायची. यापेक्षा मोठा मान कोणता?

पुढे दयारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, कामं सुटली आणि मी स्वयंपाकघराच्या खणात जाऊन पडलो. ते दिवस मी हसत सांगतो, पण तेव्हा मला फार लागलं होतं. डब्यांची झाकणं उचकटायला मला वापरलं, करवंटीतलं खोबरं काढायला वापरलं, एकदा तर माझ्या टोकाने चहा ढवळला. विजेची पारख करणाऱ्याने साखर विरघळवायची! पण तुटलो नाही हे नशीब.

दयारामची मुलगी कल्पिता आयटीआयमधून वायरमनचं शिक्षण घेऊन आली आणि तिने मला खणातून बाहेर काढलं. तिच्याकडे आकडे दाखवणारा नवा मीटर होता, तरी तिने मला धुतलं, पुसलं आणि अंबाड्यात खोचलं. तेव्हापासून मी तिथेच असतो. खिशापेक्षा ही जागा उंच आहे आणि इथून गाव छान दिसतं.

कल्पिताची निम्मी कामं मुंबईकरांच्या बंगल्यांत असतात. तिथे मी जे पाहिलं त्याने माझी मती गुंग झाली. तिथला दिवा बटणाने लागत नाही, फोनला सांगावं लागतं. फोन कंपनीला सांगतो, आणि कंपनीची मर्जी असेल तर दिवा लागतो. डोळ्यांसमोरचा दिवा लावायला एवढा वळसा! शिवाय तुम्ही कधी झोपता, कधी उठता, घरात कधी नसता, हे त्या दिव्याला कळतं, आणि ते तो कुणाला सांगतो हे मात्र तुम्हाला कळत नाही. हे सगळं तुम्हीच कबूल केलेलं असतं म्हणे. फोनवर पानंच्या पानं बारीक अक्षरं येतात, खाली 'मान्य आहे' असं बटण असतं, आणि दिवा लागायची घाई झालेली माणसं ते दाबून मोकळी होतात. एक साहेब तर स्वतःच्याच बंगल्याच्या पायरीवर तासभर बसले होते, कारण दाराचं कुलूप स्वतःला अद्ययावत करून घेत होतं. कल्पिताने त्यांना डब्यातली काकडी दिली. दोघांनी मीठ लावून खाल्ली.

मी नव्याचा वैरी नाही, बरं का. फोनवर वादळाची सूचना येते म्हणून कोळीवाड्यातल्या बोटी वेळेवर किनाऱ्याला लागतात. ते यंत्र सोन्याचं आहे. माझं भांडण आहे ते नाकापेक्षा जड झालेल्या मोत्याशी.

अशाच एका मोत्याची गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारच्या कोळीवाड्यात वेणूबाई राहते. तिने सारा जन्म डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव पायपीट केली. गुडघे झिजले, तेव्हा तिने पै पै साठवून मोठा डीप फ्रीझर घेतला. पूर्ण किंमत मोजून घेतला, हप्ता नाही की उधारी नाही. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. त्याआधी सुरमई, पापलेट, कोळंबी भरून ठेवायची आणि बंदीत घरबसल्या बंगल्यांना आणि खानावळींना विकायची. पाटी तिने पडवीच्या आढ्याला टांगून टाकली होती. फ्रीझरमध्ये नुसती मासळी नव्हती, तिच्या गुडघ्यांची सुटका होती.

मे अखेरीला वादळ आलं. माड पडले, पत्रे उडाले, वीज गेली. वेणूबाईने फ्रीझरला गोधड्या गुंडाळल्या, घरात होता नव्हता तो बर्फ आत कोंबला आणि झाकण उघडायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद दिली. वीज आली तेव्हा वाड्यातले सगळे फ्रिज गुरगुरायला लागले. वेणूबाईचा मात्र गप्प. आतला दिवा लागत होता, पण गारवा येत नव्हता. झाकणावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली होती : 'कृपया यंत्र नेटवर्कशी जोडा'.

मोबाइलचा मनोरा तर वादळात आडवा झाला होता. फोन लागतो कुठे, तर जेट्टीच्या पार टोकाला, मुंबईकडून येणाऱ्या वाऱ्यात. वेणूबाईचा धाकटा भाऊ भिकू ओहोटीच्या वेळी किनाऱ्या-किनाऱ्याने तिथवर चालत गेला, कारण रस्त्यावर झाडं पडली होती. कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलून तो परत आला, तोवर कल्पिताही आली होती.

"काय बोलली कंपनी?" वेणूबाईने विचारलं.

"गोड बोलतंय गो ते पोरगं," भिकू म्हणाला. "मशीन दर थोड्या दिसांनी कंपनीला हजेरी देतं. हजेरी न्हाय दिली त आपसूक बंद. बोलला, मशीन नेटवर्कमधी न्या."

"कुटं?"

"जेट्टीवं. पन टेम्पो जायाला रस्ता न्हाय. मी बोलतो, बोटीत घालून नेऊ. इन्व्हर्टर लावू, खोल पान्यात गेलो की मुंबईचं नेटवर्क गावतंय."

वेणूबाईने त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. "भिक्या, बोटी वर वडल्यान. दर्या असा खवालला हाय. आन तू त्यात फ्रीझर घेऊन हजेरी द्यायला जानार?"

सगळे हसले. वेणूबाईही हसली, पण तिचा हात झाकणावर होता आणि झाकणाखालून पाण्याची एक बारीक धार जमिनीवर ओघळत होती. ती पाहून तिचं हसू ओसरलं.

कल्पिताने मला अंबाड्यातून काढलं. मीटर वादळात भिजून बंद पडला होता, तेव्हा भिस्त माझ्यावरच होती. पहिल्यांदा सॉकेट. मी पेटलो. मग मागची जाळी काढून आतल्या बोर्डाकडे येणारी तार. मी पेटलो. मग बोर्डाकडून कॉम्प्रेसरकडे जाणारी तार. मी विझलेला राहिलो. तिने पुन्हा लावून पाहिलं. मी तसाच. यंत्र धडधाकट होतं. वीज बोर्डापर्यंत येत होती आणि बोर्ड तिला पुढे जाऊ देत नव्हता.

"मावशी, बिघाड काय न्हाय," कल्पिता म्हणाली. "बंद केलंय. हा बोर्ड बाजूला ठेवून माझ्याकडचा जुन्या फ्रीझरचा थर्मोस्टॅट, म्हंजे गारवा राखनारी साधी कळ, लावला तर चालू होईल. पन बोर्डावरचं हे सील बघा. हे फाटलं की कंपनीची हमी गेली. पुढं कदी बिघडला तर ते ढुंकून बघनार न्हाईत. न्हाय फाडलं तर मनोरा उभा राहीपर्यंत थांबायचं."

"तवर मासली?"

कल्पिताने जमिनीवर ओघळणाऱ्या धारेकडे बोट दाखवलं.

वेणूबाई उंबऱ्यावर बसली. मला तिची फार दया आली. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेली एवढी मोठी वस्तू, आणि ती आपल्या हाताने फोडायची. तिने आढ्याला टांगलेल्या पाटीकडे पाहिलं, मग स्वतःचे गुडघे चोळले. समोरच्या अंगणात बायका वादळात फाटलेली जाळी मांडीवर घेऊन शिवत होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"कल्पे," ती म्हणाली, "जाली फाटली, त जाली इकनाऱ्याला इचारून शिवतं काय कोन?"

"न्हाय मावशी."

"मंग फाड."

कल्पिताने माझ्याच टोकाने सील फाडलं. थोड्या वेळाने बोर्ड बाजूला लोंबत होता आणि थर्मोस्टॅट जागेवर बसला होता. तिने कॉम्प्रेसरच्या तारेला मला लावलं आणि मी असा पेटलो, असा पेटलो की काय सांगू! फ्रीझर गुरगुरला. वेणूबाईने त्याच्या अंगावर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. वरची थोडी कोळंबी गेली, ती तिने लगेच मीठ लावून सुकत टाकली. बाकीची मासळी वाचली.

मनोरा उभा राहिल्यावर फोनवर संदेश आला की यंत्रात छेडछाड झाल्यामुळे हमी रद्द करण्यात आली आहे. त्यामागोमाग कंपनीचा माणूसही आला. शुभम त्याचं नाव. पोयनाडचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. वेणूबाईने त्याला आधी चहा दिला.

"मावशी, तुम्ही असं करायला नको होतं," तो म्हणाला. "ते लॉक सुरक्षिततेसाठी असतं."

"कोनाच्या? माज्या सुरमईच्या?"

शुभम चहा प्यायला.

"बाला, मना येक सांग," वेणूबाई म्हणाली. "मी पैसं मोजलं तवा फ्रीझर माजा. मंग बंद करताना तुमचा कसा?"

त्याने टॅबवर बोट फिरवलं. उत्तर तिथे असावं तसं दोनतीनदा फिरवलं. मग टॅब पालथा ठेवून तो कल्पिताकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्याकडे असा आणखी एक थर्मोस्टॅट मिळेल का? माझ्या आईचं कुल्फीचं दुकान आहे. तिला हाच फ्रीझर मीच घेऊन दिला. वादळात तिचा पण बंद पडला. ती मला सारखी म्हणत होती, तू कंपनीत हायेस ना, मग चालू कर. मला नाही करता आला. सगळा माल गटारात ओतला तिने. आता परत भरायला घाबरते."

वेणूबाईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मी अंबाड्यात बसून पोयनाडला गेलो. जुना थर्मोस्टॅट भंगारवाल्याकडून मिळाला होता. सील शुभमने स्वतः फाडलं. कंपनीचं ओळखपत्र त्याने आधी काढून खिशात ठेवलं होतं, हे मी वरून पाहिलं. फ्रीझर सुरू झाला तेव्हा त्याच्या आईने झाकण उघडलं, रिकाम्या फ्रीझरमध्ये हात घालून गारवा लागतो का ते पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "उद्या सकालीच दूध आन."

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, माझ्या टोकाला गंज चढतो आणि खाऱ्या हवेत तो चढणारच. मला अधूनमधून तेलाच्या बोटाने पुसा, कोरड्या जागी ठेवा, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय विजेला हात लावू नका. तुमच्या घरातल्या वस्तूंचीही अशीच निगा राखा. आणि नवीन वस्तू घ्यायला दुकानात जाल तेव्हा रंग आणि सूट बघून झालं की एवढं विचारा : बिघडली तर ही उघडता येते का, आणि आमच्याशिवाय हिला आणखी कोण बंद करू शकतं? दुकानदार हसेल. त्याला खुशाल हसू द्या, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.