तीन जागा

"काका, यातलं एक तरी आता खाली ठेवा. दोन्ही धरून उभे आहात, हात दुखतील," दुकानदार म्हणाला.

लिफ्टकाकांच्या डाव्या हातात जाडजूड पुस्तक होतं आणि उजव्या हातात पातळ. दोन्ही कोरियाची. दुकान उघडल्यापासून ते या एका कपाटासमोर उभे होते, मध्येच दोन पावलं दाराकडे जात होते, घड्याळ बघत होते आणि परत येत होते. तीस वर्षं या भागातल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वस्थ उभं राहायची सवय नव्हती. त्यातून आज जीव टांगणीला लागलेला.

घोडं अडलं होतं ते तीन जागांवर. मुलगी तीन वर्षांपासून कोरियात नोकरीला होती. पुढच्या महिन्यात काका दहा दिवस तिच्याकडे जायचे होते, तिकीटही निघालं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, व्हिडिओ बघत बसू नका. तुम्ही चार तास बघता आणि शेवटी म्हणता, सगळंच छान आहे. एक पुस्तक घ्या, त्यावर खुणा करा आणि मला तीन जागा सांगा. त्या तीन दिवसांची रजा टाकते. पण शुक्रवारी साडेपाचच्या आत सांगा, मग ऑफिसातली रजेची यादी बंद होते."

आज शुक्रवार. तिकडचे साडेपाच म्हणजे इथले दोन. आता साडेबारा झाले होते.

गेल्या वर्षीही तिने असंच विचारलं होतं. तेव्हा काका म्हणाले होते, "कुठंही ने, मला चालेल." तिने फोनवरच म्हटलं होतं, "कुठंही म्हणजे कुठंच नाही, बाबा." आणि ते खरंच राहून गेलं. त्या आठवड्यात दोन लिफ्ट बंद पडल्या होत्या. लिफ्ट बंद पडली की काकांचं सगळं राहून जायचं. बायको होती तेव्हा तिने बांधलेल्या बॅगा कितीदा तशाच सोडल्या होत्या, याची मोजदाद आता तेवढी मुलीकडेच उरली होती.

म्हणून आज चुकायचं नव्हतं. काकांनी पुस्तकं लिफ्टसारखी तपासली. आधी छापल्याचं साल. मग बांधणी ओढून पाहिली. मग बारीक अक्षरातल्या सूचना. पातळ पुस्तकात राजवाड्याचा फोटो झकास होता, पण जाड्या पुस्तकात लिहिलं होतं की राजवाडा मंगळवारी बंद. डोंगरावरच्या देवळापुढे लिहिलं होतं, "पायऱ्या खूप, गुडघे सांभाळा." हे वाचून काकांना बरं वाटलं. अडचण आधी सांगणाऱ्यावर त्यांचा भरवसा बसायचा.

पण मला काय बघायचंय? राजवाडा? राजांच्या थडग्यांवरच्या हिरव्यागार टेकड्या? समुद्रकाठचं शहर? पानं उलटून उलटून डोकं भणभणलं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"काका, आमच्या लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलंय. म्हाताऱ्या बाई आहेत, एकट्याच." पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीचा वॉचमन होता. कंपनीतला दुसरा मेकॅनिक शहराच्या पार टोकाला. यायला तासभर तरी लागला असता.

काकांनी दोन्ही पुस्तकं गल्ल्यावर ठेवली. "कोणाला देऊ नका. आलोच."

बाई तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकल्या होत्या. काकांनी आधी वीज बंद केली, मग दाराशी गुडघे टेकून बसले. कुलूप जाम झालं होतं, स्क्रू गंजलेले. आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, म्हणजे तो घाबरत नाही, हा त्यांचा नेहमीचा नेम.

"बाई, मी आलोय. वारा येतोय ना आत?"

"येतोय. राग पण येतोय."

"तो येऊ दे. मला एक सांगा, तुम्ही कोरियाला गेलात तर काय बघाल?"

"आधी इथून काढा, मग कोरियाचं बघू!" आतून आवाज आला. पण मग कुतूहल वाटलंच असावं. "का? तुम्ही निघालात की काय?"

स्क्रू फिरवता फिरवता काकांनी सगळं सांगितलं. तीन जागा, दोन पुस्तकं, दोन वाजता बंद होणारी यादी. तीस वर्षांत ते अशा बंद दारांतून किती परक्यांशी बोलले होते, आणि घरी जेवताना मुलीशी त्यांना दोन वाक्यं सुचायची नाहीत.

"तुमच्या मुलीला काय आवडतं तिकडचं?" बाईंनी विचारलं.

काकांचा हात थांबला. "ते... विचारलं नाही कधी."

"तीन वर्षांत? कमाल आहे! मुलगी सोडून पुस्तकाला काय विचारताय?"

काका परत स्क्रूला भिडले. शेवटचा स्क्रू हटेना. तो निघाला, दार सरकलं आणि हाताला धरून बाईंना वर घेतलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे राहिलं हो तुमचं." काका म्हणाले, "छे छे, तुमच्यामुळे कसलं," आणि जिन्यातच बसून त्यांनी ग्रीसच्या बोटांनी फोन लावला.

"यादी बंद झाली, बाबा." मुलीचा आवाज सपाट होता. "लिफ्ट ना?"

"हो."

"असू दे. मला सवय आहे. तिकीट रद्द करून टाका. मला एकही रजा नाही, दहा दिवस घरात बसून काय करणार तुम्ही?"

एरवी काका "बरं" म्हणाले असते. आज त्यांच्याने ते म्हणवेना. लाज वाटत होती.

"एक सांग. तुला तिकडचं काय आवडलं? सगळ्यात जास्त?"

फोन कटला की काय म्हणून काकांनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

"मी काहीच बघितलं नाही, बाबा."

"काहीच? तीन वर्षांत?"

"तुम्ही याल म्हणून ठेवलं होतं."

काकांनी तोंडावर हात धरला. वॉचमन जिना चढून येत होता, तो त्यांना पाहून मागे फिरला.

"मी येतोय," काका शेवटी म्हणाले. "तू कामाला जा. मी एकटा फिरून सगळं बघून ठेवतो. रविवारी तुला नेतो. मी दाखवतो."

"तुम्ही? तुम्हाला तिथली भाषा येत नाही, काही नाही. हरवाल."

"हरवलो तर विचारेन लोकांना. तू घरी किती वाजता येतेस?"

"आठ," ती म्हणाली. मग जरा थांबून, "साडेसात. साडेसातला येईन."

दुकानात दोन्ही पुस्तकं गल्ल्यावर तशीच होती. काकांनी पँटला हात पुसले.

"मग? ठरल्या तीन जागा?" दुकानदाराने विचारलं.

"तीनचं राहू द्या आता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दहा दिवस, एकट्या माणसाला पुरेल असं कुठलं आहे?"

दुकानदाराने जाडं पुस्तक पुढे सरकवलं. "हे घ्या. पुरून उरेल."

"उरायला नको," लिफ्टकाका म्हणाले. "साडेसातला मला घरी पोचायचंय."