चिमणी पोचते तिथवर

तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण दिवसभर तिची चिवचिव चालायची. बँडमध्ये ती बेस गिटार वाजवायची आणि ध्रुपद आलं की जीव तोडून गायची. बँड म्हणजे तरी काय, चार टाळकी! मुख्य गाणारी तिची सख्खी ताई. गिटार वाजवून साथीला गाणारा लंब्या, ताईच्या वर्गातला. आणि ड्रमवर धडाम, जो अजिबात गात नसे, आणि त्याबद्दल बाकीचे तिघं त्याचे फार ऋणी होते. गाणी त्यांची स्वतःची. चाल गोड, गिटारी दणदणीत, तीन मिनिटांत खेळ खल्लास.

सराव व्हायचा सुट्टीच्या सकाळी, बाबांच्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात, पाठी उघड्या पडलेल्या फ्रिजांच्या मधोमध. माइक एकच. तो झाडूच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेला, आणि तिघं गाणारे त्याच्याभोवती डोकी जुळवून उभे. लंब्याला गुडघ्यात वाकावं लागे, ताईचं कोपर चिमणीच्या बरगडीत रुते. पण ध्रुपदाची शेवटची ओळ चढत चढत टोकाला गेली आणि तीन आवाज एकदम उठले, की चिमणीच्या अंगावर काटा यायचा. आठवडाभर ती त्या ओळीची वाट बघत असे, यात मी तिळभरही वाढवून सांगत नाही.

दोन वर्षांनी पहिलं रेकॉर्डिंग ठरलं. बाबांच्या ओळखीच्या एका काकांचा छोटा स्टुडिओ होता, त्यांनी एक दुपार दिली. दोन ते पाच. काका मोठे कडक. आधी वाजवून घेतलं, मग एकेकाला काचेच्या खोलीत उभं करून गाऊन घेतलं. आधी ताई, मग लंब्या, शेवटी चिमणी; बारकाईने ऐकायचं ते सगळ्यांचं झाल्यावर. बाहेर येऊन ती ऐटीत खुर्चीत बसली, आणि काकांनी तिचा एकटीचा आवाज लावला.

अरे देवा! सगळं गाणं ठीक होतं, पण शेवटची ओळ वर चढली आणि टोकाला पोचायच्या आत थांबली. थोडीशीच. पण कपाटाचं दार थोडंसंच उघडं राहिलं तरी दिसतं ना, तसं ते ऐकू येत होतं.

"बाळ, इथे सूर उतरतोय तुझा," काका म्हणाले. "परत एकदा घेऊ."

एकदा घेतलं, तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तेच. चिमणीचा चेहरा पार पडला. चारच्या पुढे काटा गेला होता, आणि एकटीपायी सगळ्यांची दुपार वाया घालवायची तिला लाज वाटली. ती म्हणाली, "काका, माझा आवाज काढून टाका. मी वाजवेन नुसती. इथून पुढे नाहीच गाणार."

"ए, थांब," ताई म्हणाली. पण काकांनी तोवर चिमणीचा आवाज बंद करून गाणं लावलंही होतं. शेवटची ओळ आली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी ताईचा एकटीचा आवाज लावला. मग लंब्याचा.

"तुम्ही दोघंही उतरताय! त्याच जागी, तेवढेच! सगळं गाणं चोख आणि नेमकं इथेच माती?"

ताई जमिनीकडे बघू लागली. लंब्याला खोटं बोलता येत नसे, त्याचे कान लाल झाले.

"सवय झालीय काका," तो पुटपुटला. "ही पोचते तिथवरच आम्ही जातो. पहिल्या दिवसापासून. आता एकट्याने गायलो तरी वर जाता येत नाही."

"मला सांगितलं का नाहीत?" चिमणी उसळली.

"शाळेत बाईंनी तुला नुसते ओठ हलव म्हणून सांगितलं," ताई म्हणाली, "त्यानंतर तीन वर्षं तू मोरीतसुद्धा गायली नाहीस. मी सांगितलं असतं तर गायली असतीस?"

दोन वर्षं, दर सुट्टीला, ही दोघं चिमणीसाठी ठरवून बेसूर झाली होती, आणि तोंडातून चकार शब्द नाही. राग कुठल्या कुठे गेला. यांचे पांग कसे फेडायचे, एवढंच तिच्या मनात येत राहिलं, आणि डोळे भरले ते भरलेच.

काकांनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्यांनो! मग गाणंच खालच्या पट्टीत का नाही घेतलंत? गिटारीच्या तारा थोड्या उतरवल्या की झालं!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सुचलंच नाही," लंब्या म्हणाला.

"हे तर मलासुद्धा सुचलं असतं," धडाम म्हणाला, आणि सगळे हसत सुटले, काकासुद्धा.

पुन्हा सगळं घ्यायचं तर हातात अर्धा तास होता. तारा उतरवल्या, आधी नुसतं वाजवून घेतलं आणि गिटारी बाजूला ठेवल्या. मग वेळ वाचावा म्हणून काकांनी गाण्यासाठी खोलीच्या मधोमध एकच माइक ठेवला आणि तिघांना त्याच्यापुढे उभं केलं. काकांनी वाजवलेलं लावलं, धडामने चार मोजले.

शेवटची ओळ आली. चिमणीने डोळे घट्ट मिटले आणि चढली. आणि पोचली! चक्क टोकावर, आरामात, श्वास शिल्लक ठेवून. पण तिथे ती एकटीच होती. तिने डोळे उघडले. ताई आणि लंब्या नेहमीच्या जागी, एक पायरी खाली थांबले होते, तिची वाट बघत.

सूर न सोडता चिमणीने दोघांचे हात धरले आणि भुवया उंचावून खुणावलं, या की वर. आधी ताई आली, मग लंब्या.