मोगऱ्याचा ताण

मोगरा नुसता माजला होता. कुंडीतून पार गॅलरीच्या कठड्यापर्यंत हिरवागार, आणि कळी म्हणाल तर एक नाही. लेकीनं लावला तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात ओंजळभर फुलं निघाली होती. पोटाच्या ऑपरेशनचं निमित्त झालं आणि ती गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. गेल्या उन्हाळ्यात झाडाला फूल आलं नाही, तर मला वाईटसुद्धा वाटलं नाही. कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवत होते, शिंप्याच्या दुकानात बसून लोकांच्या पँटी आखूड करत होते, कुणी सांत्वनाला आलं की चहा टाकत होते. यंदा मात्र एवढं एकच हवं होतं, की त्याला फूल यावं. तो वास आला तर निदान रडू तरी येईल, असं वाटायचं.

रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारलं. तो हसला.

"ताई, लाड करताय तुम्ही. बसल्या जागी रोज पाणी मिळतंय, मग तो फुलेल कशाला? फांद्या छाटा, पानं काढून टाका आणि पंधरा दिवस थेंब दाखवू नका. ताण बसला पाहिजे. मान टाकली तरी घाबरायचं नाही. मग खत घालून भरपूर पाणी द्या, बघा कसा लगडतो."

रविवारी मी कात्री घेतली आणि त्याचा पार खराटा करून टाकला. हे शेजारी उभे होते. म्हटलं, "पंधरा दिवस कुणी पाणी घालायचं नाही." हे "बरं" म्हणाले. आमचं दोघांचं बोलणं दीड वर्ष एवढ्यावरच चाललं होतं.

आठवड्यानं पालवी फुटली. तुकतुकीत पानं, कळीचा पत्ता नाही. माती उकरून बघितली तर ओली! वरच्या मजल्यावर नणंद राहते. जीव लावणारी बाई, पण दुसऱ्याच्या घरात फार लुडबुड. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, जिन्यातच गाठून विचारलं.

"वहिनी, मला माझ्या कुंड्या होत नाहीत, तुमच्या कशाला भिजवू?" तिनं कानांवर हात ठेवले. मी ऐकून घेतलं नाही, नाही नाही ते बोलले. ती रडायला लागली. मी नुसती बघत राहिले.

पुन्हा पानं खुडली, पुन्हा दिवस मोजले, पुन्हा माती ओली. माळी म्हणाला, "ऊन चढायला लागलं, ताई. आता चुकलात तर यंदाचा बहर विसरा."

गुरुवारी दुकानातली वीज गेली आणि मालकानं आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर मागच्या गॅलरीत हे कुंडीपाशी उकिडवे बसलेले. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. बुंध्याशी एकेक चमचा पाणी घालत होते, जिरेपर्यंत थांबत होते, मग पुढचा.

"अहो, तुम्ही?" मी ओरडलेच. "आणि मी तुमच्या बहिणीला चोर ठरवलं! एवढं एकच मागितलं होतं मी."

"ठाऊक आहे मला." त्यांनी वर पाहिलं नाही.

"मग?"

"ऑपरेशननंतर पाणी द्यायचं नाही असं सांगितलं होतं डॉक्टरांनी. तू औषधांना, रिपोर्टांना धावत होतीस. ती माझ्याकडे मागायची. 'चमचाभर तरी दे ना, बाबा.' दोन दिवस मागत होती. मी म्हणायचो, बरी झालीस की पी हवं तेवढं." त्यांनी आणखी एक चमचा घातला. "नाही दिलं मी. तशीच गेली."

हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला ठाऊक नव्हतं. रडू आलं नाही. मी उंबऱ्यावरच बसले. ते वाटीतलं उरलेलं पाणी चमच्यानं घालतच राहिले.

मग मी उठले, न्हाणीघरात जाऊन बादली भरली आणि दोन्ही हातांनी उचलून गॅलरीत आणली.

"फुलं नाही यायची मग," हे म्हणाले.

"नकोत," मी म्हटलं, आणि सगळी बादली कुंडीत ओतली.